गैरवर्तनाचा ठपका आणि अमिरातीतील नोकरी : बडतर्फीनंतर नेमका दावा कशाचा?

दुबईच्या पूर्वेला, शारजाच्या हद्दीला खेटून असलेल्या मुहैस्नाहमध्ये दोन निराळी जगे शेजारी शेजारी नांदतात. मुहैस्नाह-४ मध्ये कुटुंबांची घरे, दुकाने आणि सकाळी शाळेच्या बसगाड्यांची वर्दळ असते. मुहैस्नाह-२ मध्ये हजारो कामगारांची निवासस्थाने आहेत आणि त्या भागाला सगळे सोनापूर म्हणूनच ओळखतात. (जुन्या मुंबईकराच्या कानाला हे नाव थोडे खटकते, कारण त्याच्या लेखी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळची स्मशानभूमी.) या दोन जगांचे पगार वेगळे, घरे वेगळी, सुट्टीचे बेत वेगळे, पण नोकरीवरून काढले जाण्याची वेळ आली की दोघांना लागू होणारा कायदा मात्र एकच असतो. गवंड्याला जे कलम लागू, तेच प्रकल्प व्यवस्थापकाला. मराठी व्यावसायिकांपैकी अनेकांना ही गोष्ट हातात पत्र पडेपर्यंत ठाऊक नसते.

उदाहरणादाखल एका कर्मचाऱ्याची कल्पना करावी. तो मुहैस्नाह-४ मध्ये पत्नी व दोन मुलांसह भाड्याच्या घरात राहतो आणि एका खासगी कंपनीत सात वर्षे भांडार व्यवस्थापक म्हणून काम करतो. मूळ वेतन ६,००० दिरहम, भत्ते धरून ११,०००. वार्षिक मोजणीत माल कमी भरतो. दुपारी त्याला बोलावून घेतले जाते, लॅपटॉप व प्रवेशपत्र काढून घेतले जाते आणि टेबलावर दोन कागद ठेवले जातात. पहिल्यावर लिहिलेले असते, ‘विश्वास गमावल्यामुळे व गंभीर गैरवर्तनामुळे सेवा तत्काळ समाप्त.’ दुसरा कागद राजीनाम्याचा. एचआरचे साहेब समजुतीच्या स्वरात सांगतात की राजीनामा दिल्यास प्रकरण इथेच मिटेल, नाव खराब होणार नाही, पुढची नोकरी मिळेल.

त्या पाव तासात तो कोणत्या कागदावर सही करतो, यावर त्याच्या पुढच्या अनेक महिन्यांचे गणित ठरते. चोरी झाली की नाही हा प्रश्न त्या क्षणी जवळजवळ बाजूलाच पडतो.

चौकशी आधी, पत्र नंतर

संयुक्त अरब अमिरातीत खासगी क्षेत्रातील नोकऱ्या २०२१ च्या संघीय अध्यादेश-कायदा क्रमांक ३३ ने नियंत्रित होतात. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला आणि १९८० चा जुना कायदा त्याने मोडीत काढला. या कायद्याचे कलम ४४ पूर्वसूचनेशिवाय बडतर्फ करण्याची मुभा देते; पण ती मुभा मोकाट नाही. कलमाच्या पहिल्याच वाक्यात दोन अटी आहेत. कर्मचाऱ्याची लेखी चौकशी झालेली असली पाहिजे, आणि बडतर्फीचा निर्णय लेखी व सकारण असून तो त्याच्या हाती दिला गेला पाहिजे.

त्यापुढे दहा कारणे येतात. बनावट कागदपत्रे किंवा तोतयेगिरी; मालकाचे मोठे आर्थिक नुकसान करणारी चूक किंवा मालमत्तेची हेतुपुरस्सर हानी; सुरक्षिततेच्या नियमांचा भंग; कराराप्रमाणे मूलभूत कर्तव्ये न बजावणे; गुपिते फोडणे; कामाच्या वेळी मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखाली असणे किंवा सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणणारे कृत्य; वरिष्ठ वा सहकाऱ्यावर शब्दाने किंवा हाताने हल्ला; सबळ कारणाशिवाय सलग सातपेक्षा अधिक किंवा वर्षभरात तुटक वीसपेक्षा अधिक दिवस गैरहजेरी; पदाचा गैरवापर करून स्वार्थ साधणे; आणि नियम डावलून दुसरीकडे रुजू होणे.

‘विश्वास गमावणे’ हे कारण या यादीत नाही. पत्रांमध्ये मात्र ते सर्रास लिहिले जाते, बहुधा ते सिद्ध करावे लागत नाही असे लिहिणाऱ्याला वाटते म्हणून. व्यवहारात मालकाला दहांपैकी कोणत्या तरी एका खणात प्रकरण बसवावे लागते आणि प्रत्येक खणाला स्वतःची कुलपे आहेत. भांडार व्यवस्थापकाला नुकसानीच्या कारणावरून काढायचे असेल तर घटना कळल्यापासून कामाच्या सात दिवसांत कंपनीने मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाला कळवलेले असले पाहिजे. सुरक्षा नियमांचा भंग पुढे करायचा असेल तर ते नियम लेखी असून दिसेल अशा जागी लावलेले हवेत आणि कर्मचाऱ्याला ते सांगितलेले हवेत. कामात कुचराई हे कारण असेल तर आधी लेखी चौकशी आणि दोनदा ताकीद दिल्यानंतरही कुचराई चालू राहिलेली हवी. वार्षिक मूल्यमापनात एकदा नाराजी नोंदवून दुसऱ्या दिवशी घरी पाठवणे या कलमात बसत नाही.

२०२२ च्या मंत्रिमंडळ ठराव क्रमांक १ मधील अंमलबजावणी नियमांनी ही चौकट आणखी आवळली आहे. आरोप लेखी कळवायचा, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकायचे, त्याचा बचाव तपासायचा आणि हे सर्व इतिवृत्तात नोंदवून त्याच्या फाइलला लावायचे. गैरवर्तन उघडकीस आल्यावर तीस दिवस उलटले की त्याचा आरोप ठेवता येत नाही. चौकशी पूर्ण होऊन साठ दिवस गेले की शिक्षा देता येत नाही. कामाच्या जागेबाहेर केलेल्या, कामाशी संबंध नसलेल्या कृत्यासाठी शिस्तभंगाची कारवाई नाही. दोन वर्षांपूर्वीचा एखादा ईमेल उकरून काढून आज बडतर्फी करणाऱ्या कंपनीला हे माहीत असते. बहुतेकदा कर्मचाऱ्यालाच माहीत नसते.

चौकशीच्या काळात कर्मचाऱ्याला निलंबित करता येते, पण तीस दिवसांपेक्षा जास्त नाही आणि त्या काळात निम्मे वेतन द्यावे लागते. आरोप सिद्ध झाला नाही किंवा प्रकरण केवळ ताकिदीवर संपले तर रोखलेले निम्मे वेतनही परत मिळते. ‘घरी बसा, बोलावू तेव्हा या’ असे तोंडी सांगून महिनेच्या महिने लटकत ठेवणे यात बसत नाही. उलट, तोंडी आदेशावर घरी बसलेल्या माणसावर नंतर गैरहजेरीचा ठपका येऊ शकतो. म्हणून घरी बसायला सांगितले त्याच दिवशी ‘आपल्या सूचनेनुसार घरी थांबलो आहे’ एवढा एका ओळीचा ईमेल पाठवून ठेवणे शहाणपणाचे.

सहकाऱ्याच्या छळाची किंवा लैंगिक सतावणुकीची तक्रार असेल तेव्हा प्रकरण अधिक नाजूक होते. कलम १४ अशा वर्तनाला स्पष्ट मनाई करते आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. पण आरोप जितका गंभीर, तितके आरोपीचे म्हणणे नोंदवून घेणे महत्त्वाचे. घाईघाईने काढून टाकलेला दोषी माणूस पुढे चौकशी न झाल्याच्या मुद्द्यावर पैसे घेऊन जातो, आणि तक्रारदाराच्या वाट्याला काहीच येत नाही.

‘अन्यायकारक’ या शब्दाची व्याप्ती

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे सर्वांत मोठी गफलत होते. अन्यायाने काढले असेल तर न्यायालय पुन्हा कामावर घ्यायला लावील आणि मधल्या काळाचा पगार देववील, ही आशा त्याच्या मनात भारतातून आलेली असते. ती निराधार नाही. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला शिक्षणसंस्थेने २००७ मध्ये सेवेतून काढले होते. शालेय न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तिला पूर्ण मागील वेतनासह परत घेण्याचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने त्यातील मागील वेतनाचा भाग काढून टाकला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. बेकायदा बडतर्फीनंतर पुनर्नियुक्तीसोबत मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आहे, असे त्या निकालाने ठामपणे सांगितले.

पण त्याच भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकांना वगळले होते. पुण्यातील एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाला कामगार न्यायालयाचे दार बंद, आणि त्याच्या हाताखालच्या कारकुनाला उघडे. अमिरातीत चित्र नेमके उलटे आहे. दार सर्वांना उघडे आहे, पण आत गेल्यावर मिळते ते मर्यादित. येथील न्यायालये सहसा नोकरी परत देत नाहीत. हिशेब पैशांत होतो.

तो पैसाही ‘अन्यायकारक बडतर्फी’ या नावाखाली फार क्वचित मिळतो. जुन्या कायद्यात कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून काढणे हे मनमानी ठरत असे आणि त्यासाठी भरपाई मागता येत असे. नव्या कायद्याच्या कलम ४७ चा मजकूर त्याहून अरुंद आहे. कर्मचाऱ्याने मंत्रालयाकडे गंभीर तक्रार केली किंवा मालकावर दावा लावला, ती तक्रार वा दावा खरा ठरला, आणि त्यामुळेच त्याला काढले, तर ती सेवासमाप्ती बेकायदा. तिची भरपाई न्यायालय ठरवते आणि ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या वेतनाइतकी असते. म्हणजे या कलमाचा रोख सूड उगवणाऱ्या मालकावर आहे. वरिष्ठ पक्षपाती होता, चौकशीत पूर्वग्रह होता, दुसऱ्याला सोडून आपल्यालाच धरले, या तक्रारी कितीही खऱ्या असल्या तरी त्या एकट्याने या कलमात शिरत नाहीत.

मग भांडायचे कशासाठी? भांडार व्यवस्थापकाचा हिशेब मांडून पाहिला की उत्तर दिसते.

मूळ वेतन ६,००० असल्याने त्याचा एका दिवसाचा मूळ पगार २०० दिरहम. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांची. पाच वर्षांचे २१,००० आणि पुढच्या दोन वर्षांचे १२,०००, मिळून ३३,००० दिरहम. करारात पूर्वसूचनेचा काळ ३० दिवसांचा असेल तर त्याचे वेतन ११,०००. बारा दिवसांची रजा शिल्लक असेल तर मूळ वेतनाच्या दराने २,४००. एकूण ४६,४०० दिरहम.

या रकमेतले काय जाते आणि काय राहते, याबद्दल गैरसमज फार. १९८० च्या कायद्याखाली गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्याचे उपदान बुडत असे, आणि अनेक जुने कर्मचारी, काही जुने एचआर अधिकारीसुद्धा, अजून तेच धरून बसले आहेत. नव्या कायद्यात तशी तरतूद उरलेली नाही. कलम ४४ खाली काढलेल्यालाही उपदान व शिल्लक रजेचे पैसे मिळतात. कायद्याने किंवा न्यायालयाच्या निकालाने देय ठरलेली रक्कम मात्र मालक त्यातून वळती करू शकतो. ‘सही करा, नाहीतर ग्रॅच्युइटी जाईल’ ही धमकी म्हणूनच पोकळ आहे. जाते ते पूर्वसूचनेचे वेतन, आणि चौकशी नियमाप्रमाणे झाली नसेल तर तेही मागता येते. करार संपल्यापासून चौदा दिवसांत सर्व देणी चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. १ जानेवारी २०२३ पासून अमिरातीत बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. किमान सलग बारा महिने हप्ता भरलेल्याला नोकरी गेल्यावर मूळ वेतनाच्या साठ टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. या उदाहरणात महिना ३,६००, म्हणजे एकूण १०,८०० दिरहम. मात्र शिस्तभंगाच्या कारणावरून काढलेल्याला हा विमा मिळत नाही आणि राजीनामा दिलेल्यालाही मिळत नाही. टेबलावरचे दोन्ही कागद त्याच्या या हक्कावर पाणी सोडणारे होते. अर्ज तीस दिवसांत करायचा असल्याने, वाद मिटल्यावर बघू म्हणणाऱ्याची मुदत टळून जाते.

राजीनाम्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राजीनामा दिल्यावर ‘मला काढले’ असे सांगणे जवळजवळ अशक्य होते. दबाव होता हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो आणि बंद खोलीतल्या दबावाला साक्षीदार नसतो. त्यामुळे सही करायचीच वेळ आली तर कागदावर ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असे हाताने लिहून सही करावी. अरबीतला जो मजकूर वाचता येत नाही, त्याच्यावर मुळीच करू नये; दोन भाषांतील कागदांत तफावत निघाली तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो.

पोलिसांचे प्रकरण वेगळे

मालाची तूट, रोखीचा घोळ किंवा विश्वासघाताचा आरोप असेल तर कंपनी पोलिसांत जाऊ शकते. तेथून पुढे गोष्टी वेगळ्या वेगाने घडतात आणि प्रवासबंदीही लागू शकते. जीवित, मालमत्ता, अब्रू किंवा प्रामाणिकपणा यांच्याशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असेल तर अंतिम निकाल लागेपर्यंत मालक कर्मचाऱ्याला निलंबित करून वेतन थांबवू शकतो. खटला न चालवण्याचा निर्णय झाला, निर्दोष सुटका झाली किंवा पुराव्याअभावी तपास बंद झाला, तर त्याला कामावर परत घेऊन थांबवलेले संपूर्ण वेतन द्यावे लागते. येथील कायद्यात कामावर परतण्याची भाषा येते ती अशा मोजक्याच ठिकाणी.

या टप्प्यावर माणसे घाबरून स्वतःच गुन्हे ओढवून घेतात. स्वतःच्या बचावासाठी म्हणून कंपनीचे दस्तऐवज खासगी ईमेलवर पाठवले की गुपिते फोडल्याचा नवा आरोप तयार होतो. वरिष्ठांशी झालेले बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर कंपनीचे नाव घेऊन वाभाडे काढणे हाही गुन्हा ठरू शकतो, आणि तो मराठीत लिहिल्याने माफ होत नाही. आपल्याला आलेली पत्रे, वेतनचिठ्ठ्या, करार, हजेरीच्या नोंदी आणि स्वतःला उद्देशून आलेले संदेश एवढे जपून ठेवले तरी बहुतेक दाव्यांना पुरते.

तक्रारीची वाट

कामगार दावा थेट न्यायालयात जात नाही. आधी मंत्रालयाकडे तक्रार करावी लागते. ती ॲपवरून, संकेतस्थळावरून किंवा ८००८४ या क्रमांकावर नोंदवता येते. मंत्रालय चौदा दिवसांत समेटाचा प्रयत्न करते. १ जानेवारी २०२४ पासून एक महत्त्वाचा बदल झाला आहे. दाव्याची रक्कम ५०,००० दिरहमपर्यंत असेल तर मंत्रालय स्वतःच निर्णय देते आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी न्यायालयाच्या निर्णयासारखी होते. वरच्या उदाहरणातला ४६,४०० चा दावा याच टप्प्यावर निकाली निघू शकतो. तोच माणूस सूडाने काढल्याची तीन महिन्यांची, म्हणजे ३३,००० ची, भरपाई जोडून मागू लागला की रक्कम मर्यादा ओलांडते आणि समेट न झाल्यास प्रकरण न्यायालयाकडे जाते. सिद्ध न होणारी मागणी जोडून दावा फुगवण्याची किंमत अशी वेळेत मोजावी लागते.

मंत्रालयाचा निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत प्रथम न्यायालयात दाद मागता येते. ही वाट २०२४ च्या अध्यादेश-कायदा क्रमांक ९ ने ठरवली. त्याआधी काही महिने प्रकरणे अपील न्यायालयात जात होती. त्याच दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदत नोकरी संपल्यापासून एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्यांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. वादामुळे पगार थांबला असेल तर दोन महिन्यांपर्यंतचे वेतन चालू ठेवण्याचा आदेशही मंत्रालय मालकाला देऊ शकते, पण तो आपोआप निघत नाही, मागावा लागतो. न्यायालयाचे कामकाज अरबीत चालते, त्यामुळे इंग्रजी ईमेलचे कायदेशीर भाषांतर हा खर्च गृहीत धरावा. भारतीय नागरिकांसाठी वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८०० ४६३४२ या मोफत क्रमांकावर सल्ला देते. सोनापुरातील कामगार या सेवेकडे वळतात. मुहैस्नाह-४ मधला व्यवस्थापक मात्र तेथे जायला कमीपणा मानतो आणि व्हॉट्सॲपच्या गटात सल्ले विचारत बसतो.

दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात काम करणाऱ्यांना यातले फारसे काही लागू नाही. त्या केंद्राचा २०१९ चा स्वतंत्र रोजगार कायदा आहे, न्यायालये इंग्रजीत चालतात आणि दाव्याची मुदत सहा महिनेच आहे. अबुधाबीच्या जागतिक बाजारपेठ क्षेत्राचेही नियम स्वतंत्र. जेबेल अलीसारख्या इतर मुक्त क्षेत्रांत मात्र संघीय कायदाच चालतो, फक्त तक्रारीची पहिली पायरी त्या क्षेत्राच्या प्राधिकरणाकडे असते. आपल्या करारावर कोणते नाव आहे हे एकदा पाहून घ्यावे, कारण कार्यालयाच्या इमारतीवरून ते कळत नाही.

व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहण्याची सवलत प्रवर्गानुसार साधारणपणे ६० ते १८० दिवसांची असते. मुलांची शाळा, घरभाडे आणि बँकेचे हप्ते यांच्या ओझ्याखाली अनेक जण ती संपण्याआधीच भारताचे विमान धरतात. दोन वर्षांची मुदत हातात असल्याने त्यामुळे दावा बुडतोच असे नाही. वकिलाला मुखत्यारपत्र देऊन तो पुढे चालवता येतो, मात्र ते पत्र निघण्यापूर्वी येथेच नोटरीसमोर केलेले बरे. अनुभवाचा दाखलाही निघण्याआधीच मागून घ्यावा. मागितल्यास तो विनामूल्य देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि त्यात कर्मचाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारा किंवा पुढील नोकरीच्या संधी कमी करणारा मजकूर लिहिता येत नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलेल्या भांडार व्यवस्थापकालाही सात वर्षे काम केल्याचा तो कोरडा कागद मिळतो, आणि त्यात मालाच्या तुटीचा उल्लेख नसतो.